जलनेती आणि विसण



या वेळचा पाठ आमच्या एका चुकीतून आलेला आहे. म्हणून आधी ती चूक सांगतो.

उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वी आम्ही वर्गात 'स्वयंपाकघरातले शब्द' असा एक कागद वाटला होता. त्यात गार, कोमट, गरम, कढत असे शब्द दिले होते आणि प्रत्येक शब्दाचा वाक्यात उपयोग करून दाखवला होता. 'कोमट' या शब्दापुढे आम्ही लिहिले होते, "आजोबा कोमट पाण्याने जलनेती करतात." वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने अगदी शुद्ध आहे. आम्ही ते दोनदा तपासलेही होते. तरीही ते चुकीचे होते.

जुलै महिन्यात आपल्या वर्गातल्या एका मुलीकडे तिचे आजोबा साताऱ्याहून आले. ते गेली तीस वर्षे जलनेती करीत आहेत. नातीने मोठ्या हौसेने आमचा कागद त्यांना वाचून दाखवला. आजोबा खूश झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बाथरूममधला थंड पाण्याचा नळ सोडला, पाण्याखाली हात धरला आणि नातीला म्हणाले, "अगं, इथं तर नळालाच कोमट पाणी येतंय की! उगाच गॅस कशाला जाळायचा?" त्यांनी नेतीचे भांडे भरले, मीठ घालून ढवळले आणि वाकले, तेवढ्यात मुलीची आई आत आली.

"बाबा, थांबा! ते पाणी नाकात घालू नका."

"का? पिता की तुम्ही हेच पाणी."

"प्यायला चालतं, बाबा. नाकात चालत नाही."

आईने ते पाणी ओतून टाकले आणि स्वयंपाकघरात आधण ठेवले. पाण्याला चांगली उकळी आली. भांडे खाली उतरवल्यावर आजोबांनी सवयीप्रमाणे तांब्या घेतला आणि गार पाण्याचे विसण घालण्यासाठी नळाकडे हात नेला. आईने पुन्हा थांबवले. तेव्हा मात्र आजोबा थोडे रागावले. आमचा कागद पुढे करून म्हणाले, "मग तुमच्या मास्तरांनी कोमट असं का लिहिलंय?"

आजोबांचे बरोबर होते. दोष आमच्या वाक्याचा होता. पुढच्या रविवारी त्या आईने आम्हांला हे सगळे सांगितले, तेव्हा आम्ही ठरवले की नुसती दुरुस्ती छापून भागणार नाही, जलनेतीवर पूर्ण पाठच द्यायचा.

जलनेती म्हणजे काय?

एका नाकपुडीतून मिठाचे पाणी सोडायचे आणि ते दुसऱ्या नाकपुडीतून बाहेर येऊ द्यायचे, याला जलनेती म्हणतात. हठयोगात शरीर स्वच्छ करण्याच्या सहा क्रिया सांगितल्या आहेत. धौती, बस्ती, नेती, त्राटक, नौली आणि कपालभाती अशी त्यांची नावे आहेत. या सहांना मिळून षट्कर्मे म्हणतात.

स्वात्मारामांच्या 'हठयोगप्रदीपिका' या ग्रंथात, म्हणजे साधारण पंधराव्या शतकात, जी नेती सांगितली आहे ती पाण्याची नाही, सुताची आहे. एक वीतभर लांबीचे गुळगुळीत सूत नाकातून आत घालायचे आणि तोंडातून बाहेर काढायचे. आपला 'वीत' हा शब्द त्या ग्रंथातल्या 'वितस्ति' या संस्कृत शब्दावरूनच आला आहे. हाताचा पंजा ताणून अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत मोजा, ती झाली एक वीत. नाकाने पाणी आत घेऊन तोंडाने बाहेर टाकण्याची क्रिया नंतरच्या 'घेरंडसंहिता' या ग्रंथात आहे, पण तिथे ती कपालभातीच्या प्रकारांमध्ये येते. आज घरोघरी करतात ती तोटीच्या भांड्याची सोपी नेती.

याच ग्रंथातली आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. 'हठयोगप्रदीपिका' सांगते की ज्यांच्या शरीरात मेद आणि कफ जास्त आहे त्यांनी षट्कर्मे करावीत, इतरांना त्यांची गरज नाही. म्हणजे जलनेती सर्वांनी रोज केलीच पाहिजे असे जुने ग्रंथही म्हणत नाहीत.

अमेरिकेत १९७० नंतर योगसंस्थांमधून नेतीची भांडी दिसू लागली. २००७ साली ऑप्रा विनफ्री यांच्या दूरदर्शनवरील कार्यक्रमात हे भांडे दाखवले गेले आणि मग ते औषधांच्या दुकानातही सहज मिळू लागले. आज येथील नाक-कान-घशाचे डॉक्टरसुद्धा ॲलर्जी आणि सायनसच्या जुनाट त्रासासाठी मिठाच्या पाण्याने नाक धुण्यास सांगतात. नाकातील धूळ, फुलांचे पराग आणि घट्ट झालेला शेंबूड त्यामुळे धुऊन निघतो. चँडलरमध्ये याची गरज का पडते, हे तुम्हांला सांगायला नको. वसंतात पालो वर्डेची झाडे पिवळी होतात, ऑलिव्हला मोहर येतो आणि घरोघरी शिंका सुरू होतात. पावसाळ्यात धुळीची वादळे येतात. ५ जुलै २०११ रोजी फिनिक्स परिसरावर आलेली धुळीची भिंत ज्यांनी पाहिली, ते ती विसरलेले नाहीत.

मात्र इथे एक खुलासा केला पाहिजे. आपल्या भागात धुळीतून होणारा 'व्हॅली फीव्हर' हा आजार फुप्फुसांचा आहे. त्या बुरशीचे बारीक कण श्वासाबरोबर खोल छातीत जातात. जलनेतीने तो टळत नाही. वादळात घरात राहणे हाच त्यावर उपाय.

पाण्याचे शब्द

आता भाषेकडे वळू. मराठीत पाणी तापवण्याचे आणि थंड करण्याचे किती नेमके शब्द आहेत पाहा.

चुलीवर किंवा गॅसवर पाणी उकळायला ठेवणे म्हणजे आधण ठेवणे. पाणी खळखळू लागले की त्याला उकळी फुटली असे म्हणतात. हात भाजेल इतके गरम पाणी ते कढत. अंगाला सोसेल, सुखावेल इतकेच गरम ते कोमट.

कढत पाण्याचे कोमट पाणी दोन प्रकारांनी होते. पहिला प्रकार म्हणजे ते तसेच झाकून ठेवायचे आणि आपोआप निवू द्यायचे. पाणी निवते, पण आई पाणी निववते. हा फरक व्याकरणाच्या तासाला आपण शिकलो आहोत. 'निवणे' हे साधे क्रियापद आणि 'निववणे' हे प्रयोजक.

दुसरा प्रकार म्हणजे विसण. आंघोळीच्या कढत पाण्यात जे गार पाणी मिसळतात त्याला विसण म्हणतात. गावाकडे तांब्याच्या बंबात पाणी तापायचे. ते बादलीत काढून त्यात हौदातले गार पाणी ओतायचे. "विसण जास्त झालं" असे म्हणत कुडकुडत आंघोळ केल्याच्या आठवणी पालकांपैकी अनेकांना असतील. शॉवरखाली वाढलेल्या मुलांच्या कानावर हा शब्द कधी पडलाच नसेल.

दोन्ही प्रकारांनी पाणी कोमटच होते. हात घालून पाहिला तर काही फरक कळत नाही. पण निववलेले पाणी सगळे उकळलेले असते आणि विसण घातलेल्या पाण्यात अर्धे पाणी न उकळलेले असते. आंघोळीला दोन्ही चालतात. जलनेतीला फक्त पहिले चालते. 'कोमट' हा शब्द पाणी किती गरम आहे ते सांगतो, ते कोणत्या वाटेने आले ते सांगत नाही. आमच्या वाक्यात नेमकी हीच उणीव होती.

नाकात का चालत नाही?

गोड्या आणि उबदार पाण्यात 'नेग्लेरिया फाउलेरी' नावाचा एक अमीबा राहतो. हा एकपेशीय जीव डोळ्यांना दिसत नाही. तळी, गरम पाण्याचे झरे आणि ओली माती या त्याच्या राहण्याच्या जागा. ११५ अंश फॅरनहाइटपर्यंतच्या उष्णतेत तो सुखाने वाढतो. हे पाणी प्यायल्याने आजार होत नाही. पण तेच पाणी नाकात वर गेले, तर हा अमीबा वासाच्या मज्जातंतूवरून थेट मेंदूत पोहोचू शकतो. मग जो मेंदूज्वर होतो त्यातून रुग्ण क्वचितच वाचतो. अमेरिकेत १९६२ ते २०२३ या काळात अशा १६४ रुग्णांची नोंद झाली. त्यांपैकी चारच वाचले.

आकडा लहान आहे, हे आम्ही मुद्दाम सांगतो. साठ वर्षांत, एवढ्या मोठ्या देशात, १६४. घाबरून जाण्याचे कारण नाही. पण हा आजार झाल्यावर जवळजवळ उपाय नाही आणि होण्याआधी उपाय अगदी सोपा आहे, म्हणून काळजी घ्यायची.

ही गोष्ट दूरची नाही. २००२ साली फिनिक्सच्या वायव्येला असलेल्या पिओरिया शहरात पाच वर्षांची दोन मुले याच आजाराने गेली. त्यांच्या भागात जमिनीखालचे पाणी क्लोरीन न घालता घरोघरी पुरवले जात होते आणि तपासात त्या पाण्यात हा अमीबा सापडला. पुढे २०११ साली लुइझियाना राज्यात दोन माणसे दगावली. दोघांनीही नळाचे पाणी नेतीच्या भांड्यात घेऊन नाक धुतले होते. त्यांच्या घरांच्या नळांतल्या पाण्यात हा अमीबा मिळाला. त्यानंतर २०१२ साली येथील अन्न व औषध प्रशासनाने नाक धुण्यासाठी नळाचे पाणी जसेच्या तसे वापरू नये असा इशारा दिला.

चँडलर शहराचे पाणी शुद्ध करून येते आणि ते पिण्यास योग्य आहे. पण पिण्यास योग्य म्हणजे पूर्ण जंतुविरहित नव्हे. आपल्याकडे उन्हाळ्यात जमीन इतकी तापते की थंड नळ सोडला तरी पाणी कोमट येते. साताऱ्याच्या माणसाला ही देवाची कृपा वाटावी! पण न उकळलेले कोमट पाणी हेच त्या अमीबाला आवडणारे पाणी.

आजोबांनी आणखी एक प्रश्न विचारला होता. "तीस वर्षं विसण घालूनच करतोय. मला कुठं काय झालं?" हा प्रश्न पुष्कळांच्या मनात येईल, म्हणून त्याचे उत्तर देतो. काही झाले नाही, कारण हा आजार फार दुर्मिळ आहे. रस्ता न बघता तीस वर्षे ओलांडणारा माणूसही सुखरूप असू शकतो. म्हणून आपण नातवंडांना तसे ओलांडायला शिकवत नाही. आणि हे फक्त अमेरिकेतच घडते असेही नाही. केरळमध्ये २०२४ आणि २०२५ साली अमीबाच्या मेंदूज्वराचे अनेक रुग्ण आढळले.

असे नियम पाळणे म्हणजे आपल्या परंपरेवर अविश्वास दाखवणे असे काहींना वाटते. आम्हांला तसे वाटत नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. उड्डियान, नौली यांसारख्या क्रिया करताना शरीराच्या आत काय घडते हे त्यांनी क्ष-किरणांनी आणि दाब मोजण्याच्या उपकरणांनी तपासले. जुने आहे म्हणून टाकायचे नाही आणि जुने आहे म्हणून न तपासता घ्यायचेही नाही, ही वाट महाराष्ट्रातच शंभर वर्षांपूर्वी आखली गेली आहे. पाणी उकळणे हे त्याच वाटेवरचे एक पाऊल.

कृती

पुढील कृती मोठ्यांसाठी आहे. मुलांनी ती वाचावी, आजी-आजोबांना वाचून दाखवावी, पण स्वतः करू नये. लहान मुलांना नाक धुण्याची गरज असेल तर ते त्यांच्या डॉक्टरांनी ठरवायचे.

१. अडीच-तीन कप पाण्याचे आधण ठेवा. खळखळून उकळी फुटल्यावर पूर्ण एक मिनिट उकळू द्या. चँडलर समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० फुटांवर आहे, म्हणून एक मिनिट पुरते. ६,५०० फुटांच्या वर पाणी कमी उष्णतेला उकळते, म्हणून तिथे तीन मिनिटे उकळावे. फ्लॅगस्टाफला सहलीला गेलात तर हे आठवा. ते सुमारे ६,९०० फुटांवर आहे.

२. भांड्यावर झाकण ठेवून पाणी निवू द्या. विसण घालू नका. घाई झाली म्हणून बर्फही टाकू नका. बर्फ म्हणजे गोठलेले नळाचेच पाणी. झाकलेले भांडे गार पाण्याच्या परातीत ठेवले तर पाणी लवकर निवते, पण परातीतले पाणी आत जाऊ देऊ नका.

३. उकळायचे नसेल तर दुकानातून बाटलीचे पाणी आणा, पण बाटलीवर 'डिस्टिल्ड' किंवा 'स्टराइल' असे लिहिलेले पाहून घ्या. 'स्प्रिंग' किंवा 'ड्रिंकिंग' लिहिलेले चालत नाही. पाण्याच्या दुकानातून पाच गॅलनच्या बाटलीत भरून आणतो ते पाणी आणि फ्रिजच्या नळाचे पाणी पिण्यासाठी ठेवा, नाकासाठी नको.

४. दोन कप निवलेल्या पाण्यात पाऊण लहान चमचा बारीक मीठ घाला. मीठ आयोडीन नसलेले असावे, लोणच्यासाठी मिळते ते चालते. चिमूटभर खायचा सोडा घातला तर नाक चुरचुरत नाही. चव साधारण अश्रूंइतकी खारट लागावी. मीठ कमी पडले तर नाकात झोंबते, जास्त झाले तरी झोंबते. लक्षात ठेवा, मीठ घातल्याने न उकळलेले पाणी शुद्ध होत नाही.

५. मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकून पाहा. गरम किंवा गार वाटले नाही तर पाणी तयार आहे.

६. बेसिनवर वाका, मान एका बाजूला कलती करा आणि तोंड उघडून तोंडानेच श्वास घ्या. तोटी वरच्या नाकपुडीत अलगद टेकवा आणि भांडे हळूहळू वर उचला. पाणी खालच्या नाकपुडीतून वाहू लागेल. अर्धे पाणी झाले की बाजू बदला. या वेळी बोलू नका, हसू नका, आवंढा गिळू नका.

७. शेवटी पुढे वाकून थोडा वेळ थांबा आणि उरलेले पाणी गळू द्या. मग हलकेच नाक शिंकरा. दोन्ही नाकपुड्या दाबून जोराने शिंकरू नका, पाणी कानाकडे जाते. लगेच आडवे होऊ नका.

८. भांडे साबणाने धुऊन, उकळलेल्या पाण्याने खंगाळून, पूर्ण कोरडे होऊ द्या. तांब्या-पितळेचे भांडे देव्हाऱ्यात शोभते, पण मिठाने त्याला चटकन कळकट येते. स्टीलचे किंवा चिनी मातीचे बरे.

कान दुखत असेल, नाकाचे ऑपरेशन झाले असेल किंवा नाकातून वारंवार रक्त येत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जलनेती करू नये. आपल्या कोरड्या हवेत घोळणा फुटणे नेहमीचे आहे. त्या दिवसांत नेती नकोच. आणि न उकळलेले पाणी नाकात गेल्यावर पुढच्या बारा दिवसांत सडकून डोके दुखले, ताप आला, उलट्या झाल्या किंवा मान ताठली, तर ताबडतोब रुग्णालयात जावे आणि नाकात पाणी गेल्याचे स्वतःहून सांगावे.

झारीतला शुक्राचार्य

जाता जाता एक वाक्प्रचार. नेतीचे भांडे म्हणजे लहानशी झारीच. बळीराजा वामनाला दान देताना हातावर पाणी सोडणार होता. ते दान होऊ नये म्हणून शुक्राचार्य सूक्ष्म रूप घेऊन झारीच्या तोटीत जाऊन बसले. पाणी अडले. वामनाने दर्भाची काडी तोटीत घातली आणि शुक्राचार्यांचा एक डोळा गेला. तेव्हापासून चांगल्या कामात आडवे येणाऱ्याला 'झारीतला शुक्राचार्य' म्हणतात.

नाक पूर्ण चोंदलेले असेल आणि पाणी पलीकडे जातच नसेल, तर तिथेही एक शुक्राचार्य बसला आहे असे समजा. मात्र त्याला काडीने किंवा जोराने हटवायला जाऊ नका. त्या दिवशी नेती सोडून द्या.

आणि मुलीच्या आईने बाबांना दोनदा अडवले, तेव्हा त्यांना क्षणभर तीच झारीतली शुक्राचार्य वाटली असेल. ती आडवी आली ते मात्र योग्य कामासाठी. आजोबा आता रात्रीच पाणी उकळून झाकून ठेवतात आणि सकाळी नातीला हाक मारून विचारतात, "विसण नाही ना घातलं कुणी?"

शब्दार्थ

आधण : उकळण्यासाठी ठेवलेले पाणी
विसण : कढत पाण्यात मिसळायचे गार पाणी
निवणे : हळूहळू थंड होणे
घोळणा फुटणे : नाकातून रक्त येणे
शिंकरणे : जोर लावून नाक साफ करणे
बंब : पाणी तापवण्याचे तांब्याचे उभे भांडे

स्वाध्याय

१. 'स्वयंपाकघरातले शब्द' हा कागद घरी शोधा. 'कोमट' या शब्दापुढचे आमचे वाक्य खोडा आणि त्या जागी लिहा : "आजोबा उकळून निववलेल्या पाण्याने जलनेती करतात."

२. 'निवणे' आणि 'निववणे' यांचा उपयोग करून प्रत्येकी दोन वाक्ये लिहा.

३. आजी-आजोबांना विचारा : त्यांच्या लहानपणी आंघोळीचे पाणी कशावर तापत असे? विसण कोण घालत असे? पाच ओळी लिहून आणा. आजी-आजोबा भारतात असतील तर फोनवर विचारा, आणि ते जलनेती करीत असतील तर पाण्याची गोष्टही त्यांना सांगा.